पडद्यावरून नाव पुसले, न्यायाचे काय?

जुहू म्हटले की बाहेरगावच्या पाहुण्याला समुद्र, भेळपुरी आणि नटनट्यांचे बंगले आठवतात. आपल्या कष्टकरी माणसांना जुहू वेगळे ठाऊक आहे. नेहरूनगरच्या झोपडपट्टीतून आणि जुहू गल्लीतून भल्या सकाळी कामाला निघणाऱ्यांत बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनी असतात. शूटिंगच्या युनिटवर चहापाणी पाहणारे स्पॉटबॉय असतात. लाइटमन, ड्रायव्हर, ड्रेसवाले, केस विंचरणाऱ्या मुली आणि गर्दीत उभे राहणारे ज्युनियर आर्टिस्ट असतात. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांच्यात आणखी एका पिढीची भर पडली आहे. कॉलेजात शिकलेली आपली मुले-मुली आता व्हिडिओचे एडिटिंग करतात, कॅमेरा धरतात, विनोद लिहून देतात. जुहू, अंधेरी, वर्सोवा या पट्ट्यात इंटरनेटसाठी कार्यक्रम बनविणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यांत ही मुले उमेदवारी करतात.

म्हणून आज आम्ही जो विषय घेत आहोत तो श्रीमंतांच्या करमणुकीचा विषय आहे असे वाचकांनी समजू नये. मोबाईलवर ज्यांचे चेहरे आपली मुले रोज पाहतात, अशा एखाद्या नामवंतावर स्त्रीशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला, तर त्याचा कार्यक्रम दाखविणाऱ्या कंपन्या काय करतात? त्या तक्रारदाराला न्याय देतात की फक्त आपले नाव वाचवतात? हा आपल्या घरातल्या कमावत्या मुलीचा प्रश्न आहे.

अनामिक लेख आणि कंपनीचा दम

उदाहरण दूरचे नको, उपनगरातलेच घेऊ. मार्च २०१७ मध्ये इंटरनेटवर एका स्त्रीने नाव न देता एक लेख लिहिला. टीव्हीएफ ही त्या वेळी तरुणांत अतिशय लोकप्रिय असलेली कंपनी. 'परमनंट रूममेट्स' आणि 'पिचर्स' या मालिकांनी तिने नाव कमावले होते, आणि स्वतःचे कार्यक्रम ती युट्युबवर व स्वतःच्या अ‍ॅपवरही दाखवीत असे. या कंपनीत नोकरी करताना संस्थापक अरुणभ कुमार यांनी आपला छळ केला, असा आरोप त्या लेखात होता. कुमार यांनी आरोप नाकारले. पण कंपनीने पहिले उत्तर काय दिले? आरोप खोटे आहेत, आणि लिहिणाऱ्या व्यक्तीला शोधून काढून कायद्यासमोर उभे करू, असे. चौकशी नेमतो, तक्रार ऐकून घेतो, हे शब्द आधी यायला हवे होते. आधी दम आला.

तो दम वाचूनही पुढे आणखी स्त्रिया बोलल्या. अंधेरीच्या एमआयडीसी पोलीस ठाण्यात आणि वर्सोव्याला गुन्हे नोंदले गेले. जून २०१७ मध्ये कुमार यांनी मुख्याधिकारीपद सोडले. एका खटल्याचा निकाल २०२२ च्या डिसेंबरात अंधेरीच्या दंडाधिकारी न्यायालयात लागला आणि कुमार निर्दोष सुटले. तक्रार द्यायला झालेला विलंब समाधानकारकपणे सांगितला गेला नाही, पुराव्यात विसंगती आहे, असे कारण न्यायालयाने दिले. न्यायालयाचा निकाल आम्ही मानतो. कोणालाही त्यापुढे जाऊन दोषी म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

परंतु या पाच वर्षांत व्यवसायाचे काय झाले ते पाहा. टीव्हीएफच्या मालिका थांबल्या नाहीत. 'पंचायत' एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमवर आली. 'कोटा फॅक्टरी'चा दुसरा भाग २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. 'गुल्लक' सोनी लिव्हवर गाजली. या मालिका चांगल्या आहेत, आपल्याही घरांत पाहिल्या जातात, आणि त्यांत राबलेल्या शेकडो हातांचा त्यात काही दोष नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे. ज्या बड्या कंपन्यांनी या मालिका विकत घेतल्या, त्यांनी घेण्यापूर्वी 'तुमच्याकडे तक्रार समिती आहे का, तिने काय चौकशी केली' हे विचारले की नाही, हे प्रेक्षकाला आजवर कळलेले नाही. निकाल न्यायालयाने दिला. मधल्या काळात मालकाने काय पाहिले, खरेदीदाराने काय पाहिले, हे गुलदस्त्यातच राहिले.

एका आठवड्यात कोसळलेली कंपनी

दुसरे उदाहरण नेमके उलट टोकाचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'मी टू'ची लाट मुंबईत आली. सिनेमा, वर्तमानपत्रे, जाहिरात व्यवसाय अशा अनेक क्षेत्रांतल्या स्त्रिया आपले अनुभव नावानिशी सांगू लागल्या. त्यात एआयबी या विनोदी मंडळींच्या कंपनीचे नाव आले. या कंपनीच्या व्हिडिओंना युट्युबवर प्रचंड प्रेक्षक होता. तिच्यासाठी काम केलेले विनोदवीर उत्सव चक्रवर्ती यांच्यावर मुलींना अश्लील छायाचित्रे पाठविल्याचा आणि त्यांच्याकडे तशी छायाचित्रे मागितल्याचा आरोप ४ ऑक्टोबरला झाला. कंपनीने त्यांचे व्हिडिओ लगेच लोकांच्या नजरेआड केले.

पण खरी गोष्ट त्यानंतर बाहेर आली. संस्थापकांपैकी तन्मय भट यांच्या कानावर अशी एक तक्रार आधीच आलेली होती आणि तरीही त्या माणसाबरोबर काम चालू ठेवले गेले, हे कंपनीनेच निवेदनात मान्य केले. भट कामापासून दूर झाले. दुसरे संस्थापक गुरसिमरन खंबा यांच्यावर स्वतंत्र आरोप झाला. त्यांनी आपली बाजू मांडली आणि रजा घेतली. लगोलग हॉटस्टारने 'ऑन एअर विथ एआयबी' हा कार्यक्रम बंद करून कंपनीशी संबंध तोडला. मामी या मुंबईच्या चित्रपट महोत्सवाने एआयबीच्या मंडळींनी निर्मिलेला 'चिंटू का बर्थडे' आणि रजत कपूर यांचा 'कडख' हे दोन्ही चित्रपट यादीतून काढले. कपूर यांच्यावरही त्याच महिन्यात आरोप झाले होते आणि त्यांनी जाहीर माफी मागितली होती.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, वा, किती तडफेने कारवाई झाली! आता पुढचे वाचा. मे २०१९ मध्ये एआयबीने निवेदन काढले. युट्युब चॅनल आता चालणार नाही, कंपनीची मिळकत जवळजवळ संपली आणि सर्व कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करावे लागले, असे त्यात होते. ज्या एडिटरने, लेखकाने, हिशेबनिसाने कोणाचेही काही बिघडवले नव्हते, त्याचीही नोकरी गेली. खंबा यांच्यावरील आरोपाची चौकशी बाहेरच्या समितीकडे सोपवली होती. चौकशीच्या पद्धतीवर आक्षेप घेऊन ते तीतून बाहेर पडले. म्हणजे आरोप करणारीला निष्कर्ष मिळाला नाही, आरोप झालेल्यालाही मिळाला नाही, आणि तिसराच कामगार घरी बसला.

आणि ते दोन चित्रपट? २०२० च्या जून महिन्यात, टाळेबंदीत सगळे घरी बसलेले असताना, 'चिंटू का बर्थडे' झी ५ वर आला आणि 'कडख' सोनी लिव्हवर आला. ज्या कारणासाठी ते महोत्सवातून काढले होते, त्या कारणाचा दीड-पावणेदोन वर्षांत कोणता निवाडा झाला? प्रेक्षकाला त्याविषयी एक ओळही सांगितली गेली नाही. काढताना निवेदन होते, आणताना फक्त जाहिरात होती.

विसरण्यावर भरवसा

हा विसराळूपणा तिथेच थांबला नाही. दिग्दर्शक साजिद खान यांच्यावर २०१८ मध्ये अनेक स्त्रियांनी आरोप केले. दिग्दर्शकांच्या संघटनेने त्यांना एक वर्षासाठी निलंबित केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वात टीव्हीवर आणि वूट अ‍ॅपवर रोज रात्री दिसू लागले. दिल्ली महिला आयोगाच्या अध्यक्षांनी त्यांना काढावे म्हणून केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहिले. त्यानंतरही ते त्या घरात कित्येक आठवडे राहिले. शिक्षा भोगलेल्या माणसाने पुन्हा काम करू नये असे आम्ही म्हणत नाही. माणूस बदलू शकतो, यावर आमचा विश्वास आहे. पण बदल झाला की नाही हे पाहण्याची काही रीत लागते. लोक विसरले आहेत एवढ्या भरवशावर दार उघडले, तर ज्या बायका बोलल्या त्यांना आपण मूर्ख ठरवतो.

कोणत्या तक्रारीला किती वेग?

या कंपन्यांना वेगाने हालचाल करता येत नाही असे मात्र नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटंट' या युट्युबवरील कार्यक्रमात रणवीर अलाहाबादिया यांनी आईवडिलांविषयी एक किळसवाणा प्रश्न विचारला. देशभर संताप झाला, गुन्हे नोंदले गेले, केंद्र सरकारचा आदेश निघाला आणि तो भाग युट्युबवरून हटला. कार्यक्रमाचे बाकीचे भागही निर्मात्याने स्वतःहून काढले. सगळे काही दिवसांत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

त्याच वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला उल्लू अ‍ॅपवरील 'हाउस अरेस्ट' या एजाज खान यांच्या कार्यक्रमातील अश्लील प्रसंगांवरून अंधेरीच्या आंबोली पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. अ‍ॅपने कार्यक्रम काढून टाकला, राष्ट्रीय महिला आयोगाने बोलावणे धाडले. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच कांदिवलीच्या चारकोप पोलीस ठाण्यात एका स्त्रीने त्यांच्याविरुद्ध बलात्काराची तक्रार दिली. त्याच कार्यक्रमात काम देण्याचे आमिष दाखविले, असे तिचे म्हणणे होते. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवील. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने उल्लू आणि एकता कपूर यांच्या बालाजीची एएलटीटी यांसह २५ अ‍ॅप बंद करण्याचा आदेश दिला. कारण होते, अश्लील मजकूर.

वाचकहो, यातला फरक नीट ध्यानात घ्या. पडद्यावर जे दिसले त्याने प्रेक्षक दुखावला, तर सरकार हलते, मंत्रालय हलते, कंपनी हलते. पडद्यामागे काम मागायला गेलेल्या मुलीच्या वाट्याला काय आले, याची विचारपूस करायला यांपैकी कोणीही स्वतःहून जात नाही. पडद्यावरची अश्लीलता सर्वांना दिसते. मेकअप रूममधली, गाडीतली, रात्री अकरा वाजता आलेल्या मेसेजमधली कोणाला दिसत नाही.

जातीच्या शिवीला माफीचा एक व्हिडिओ

आपल्या समाजाला झोंबलेली गोष्टही इथेच सांगायला हवी. मे २०२१ मध्ये टीव्ही मालिकेतली एक प्रसिद्ध अभिनेत्री, मुनमुन दत्ता, हिने आपल्या युट्युबवरील सौंदर्यप्रसाधनाच्या व्हिडिओत सफाईकाम करणाऱ्या एका जातीचे नाव कुरूपतेसाठी वापरले. लोक खवळले. तिने तो भाग काढला आणि शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता म्हणून माफी मागितली. हरियाणातल्या हांसी येथे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. इतर ठिकाणीही तक्रारी झाल्या. म्हणजे दाद मागायला लोकांना पोलीस ठाण्यातच जावे लागले. जिथे तो व्हिडिओ झळकला त्या कंपनीच्या लेखी प्रश्न व्हिडिओपुरता होता. तो भाग कापला की प्रश्न मिटला. जातीवरून केलेला अपमान आणि बाईचा केलेला छळ, दोन्हीकडे या कंपन्यांची नजर एकच आहे. आपल्या दुकानातला माल डागाळला का, एवढेच त्या पाहतात.

तिकडे परदेशात

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडमधले विनोदवीर रसेल ब्रँड यांच्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये चॅनल ४ आणि वर्तमानपत्रांनी केलेल्या शोधातून बलात्कार व छळाचे आरोप पुढे आले. त्यांनी ते नाकारले. तीन दिवसांत युट्युबने त्यांच्या चॅनलला मिळणारे जाहिरातीचे पैसे रोखले. चॅनल मात्र चालू ठेवले. बीबीसीने काही जुने कार्यक्रम काढले. रंबल नावाच्या दुसऱ्या कंपनीने, आमच्याबाहेर काय घडले याच्याशी आमचा संबंध नाही, असे म्हणून पैसे रोखायला नकार दिला. एकाच माणसाविषयी तीन दुकानदारांचे तीन न्याय!

खेळ दाखविणाऱ्या ट्विच या कंपनीवर २०२० च्या जूनमध्ये अनेक स्त्रियांनी नामवंत खेळाडूंविरुद्ध तक्रारींचा पाऊस पाडला. त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने नियम केला की, आपल्या पडद्याबाहेर घडलेल्या गंभीर गुन्ह्यांचीही दखल घेऊ, आणि तपासासाठी बाहेरची वकील संस्था नेमली. हा मार्ग अपुरा असेल, पण त्यात एक तत्त्व बरोबर आहे. नियम आधी लिहून ठेवायचा आणि तपास तटस्थ माणसाकडे द्यायचा.

हे असे का होते?

याचे कारण समजायला फार शिकलेले असण्याची गरज नाही. युट्युब लांब व्हिडिओंच्या जाहिरातीतून येणाऱ्या पैशातले १०० पैकी ५५ रुपये व्हिडिओवाल्याला देते आणि ४५ स्वतः ठेवते. म्हणजे नामवंत जितका मोठा, तितका कंपनीचा वाटा मोठा. नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन यांच्यासारख्या कंपन्या मालिका प्रॉडक्शन हाऊसकडून करून घेतात. प्रॉडक्शन हाऊस लाइन प्रोड्यूसरला काम देते, तो ठेकेदाराला देतो, ठेकेदार माणसे आणतो. या साखळीच्या शेवटच्या कडीत आपली मुलगी असते. तिने तक्रार केली की प्रत्येक जण वरच्याकडे किंवा खालच्याकडे बोट दाखवतो. 'तो आमचा नोकर नाही', 'ती आमच्या पगारपत्रकात नाही', 'सेट आमचा नव्हता'. गिरणीत, गोदीत, बांधकामावर ठेकेदारीचा हाच खेळ आपल्या बापजाद्यांनी पाहिला आहे. फक्त आता त्याला इंग्रजी नावे आली आहेत.

नामवंतावर आरोप जाहीर झाला की जाहिरातदार घाबरतो. मग कंपनी एकदम कुऱ्हाड चालवते. म्हणजे आरोप दबलेला असेतोवर ढिलाई आणि गाजला की घाई. दोन्ही वेळा हिशेब पैशाचाच. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हे तत्त्व मांडले होते की, बाईच्या श्रमाचा फायदा जो मालक घेतो, त्याने तिच्या हिताच्या खर्चाचा भारही उचलला पाहिजे. आजच्या मोबाईलवरच्या मालकालाही तोच न्याय लावायला हवा.

आणि दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. नुसत्या संशयावरून माणसाला बहिष्कृत करणे काय असते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक आहे? तसेच, तक्रार नोंदवूनच न घेणे काय असते, हेही आपल्यालाच ठाऊक. म्हणून आम्ही म्हणतो, आरोप होताच फाशी नको आणि दडपणेही नको. दोघांचे ऐकणारी, मुदतीत संपणारी, लेखी निष्कर्ष देणारी चौकशी हवी.

कायद्याची दोन दारे

अशी चौकशी आकाशातून आणावी लागत नाही. राजस्थानातल्या भंवरीदेवी या गावपातळीवरील कार्यकर्तीवर अत्याचार झाला, त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९७ मध्ये कामाच्या जागी तक्रार समित्या नेमण्याचे बंधन घातले. ते नीट पाळले जात नाही म्हणून आपल्या महाराष्ट्रातल्या मेधा कोतवाल-लेले न्यायालयात लढल्या आणि २०१२ मध्ये त्यांच्या खटल्यात पुन्हा कडक आदेश निघाले. २०१३ मध्ये कायदाच झाला. मे २०२३ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खेद व्यक्त केला की, इतकी वर्षे लोटूनही अंमलबजावणीत मोठ्या उणिवा आहेत. तो खेद आपणही लक्षात ठेवावा.

आता दारे दोन आहेत, आणि चुकीच्या दारावर धक्के मारून अनेक मुली थकतात.

पहिले दार पडद्यावरच्या मजकुरासाठी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव-पत्ता जाहीर करावा लागतो. कोणी तुमचे खासगी, उघडे छायाचित्र किंवा व्हिडिओ टाकला, तर तुमच्या तक्रारीनंतर तो २४ तासांत काढण्याचे बंधन त्या नियमांनी युट्युबसारख्या कंपन्यांवर घातले. पण हा अधिकारी सेटवर कोणी हात धरला याची चौकशी करीत नाही. ते त्याचे कामच नाही.

दुसरे दार पडद्यामागच्या वागणुकीसाठी. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री असते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा लागतो. रोजंदारीची, ठेक्यावरची, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम करणारी मुलगीही या कायद्यात 'कर्मचारी' आहे. कामासाठी जिथे जावे लागते ती जागा आणि कंपनीची गाडी हीसुद्धा 'कामाची जागा' आहे. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

दहाहून कमी माणसांची कंपनी असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. बंगल्यात घरकाम करणाऱ्या भगिनींसाठीही हीच समिती आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडेही या समितीची माहिती मिळते.

घरातल्यांनी एवढे करावे

मुदत चुकवू नये. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. पोलिसांत जायचे तर तेही लवकर. एक वर्षाहून जास्त आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांची दखल घेण्याला न्यायालयात साधारण तीन वर्षांची मर्यादा आहे, आणि विलंबाचा फायदा आरोपीला कसा मिळतो हे आपण वर पाहिलेच.

मेसेज पुसू नयेत. संतापाच्या किंवा लाजेच्या भरात मुली सगळे मेसेज पुसून टाकतात. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढून ठेवावेत आणि घरातल्या एका विश्वासू माणसाच्या फोनवरही पाठवावेत. कामाचा कागद, हजेरी, पैसे जमा झाल्याची नोंद जपावी. आपण तिथे कामाला होतो हे सिद्ध करण्यापासून लढाई सुरू होते.

वकिलाच्या फीची भीती नको. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रियांच्या मदतीसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि इंटरनेटवरील गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मुलीने तोंड उघडले की 'तू तिथे गेलीसच कशाला' हा प्रश्न आईवडिलांनी गिळून टाकावा. तो प्रश्न ऐकू येईल या भीतीनेच तीन महिने निघून जातात आणि कायद्याची मुदत संपते. कामाला गेली होती, हेच त्याचे उत्तर आहे.

मागणी

कंपन्यांकडून आम्ही दया मागत नाही. मालिका विकत घेताना तिच्या युनिटवर तक्रार समिती आहे याचा पुरावा करारातच मागावा. समितीतल्या स्त्रियांची नावे आणि फोन नंबर सेटवर, जेवणाच्या टेबलाजवळ, मराठी-हिंदीत लावावेत. इंग्रजीतला कागद स्पॉटबॉयला आणि हेअरड्रेसरला काय कळणार? आरोप झाल्यास चौकशी होईतो माणसाला कामापासून दूर ठेवावे, पण युनिटच्या बाकीच्यांचा रोज बुडवू नये. कायदा तक्रारदाराचे नाव आणि चौकशीचा तपशील गुप्त ठेवायला सांगतो, ते योग्यच आहे. पण चौकशी झाली की नाही, ती पूर्ण झाली की अर्धवट राहिली, आणि तो माणूस कोणत्या अटीवर परत आला, एवढे तरी प्रेक्षकाला सांगावे. ज्याच्या पैशावर हा सारा व्यवहार चालतो त्याचा तो हक्क आहे.

आपल्याकडचे रिचार्जचे दोनशे-अडीचशे रुपये घामाचे असतात. त्यावर एखाद्याला आपण नामवंत करतो. त्याच्या युनिटवर चहाचा ट्रे धरून उभी असलेली मुलगी आपली आहे, हे मोबाईल हातात घेताना विसरू नये.